सभागृह आरक्षित करण्यापूर्वी

सातारा

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरीला जेमतेम दीड वर्ष होत असताना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी वर्षभराच्या प्रशिक्षण आणि स्वास्थ्य कार्यशाळांचे नियोजन तुझ्याकडे सोपवले गेले, याचा तुला आनंद कमी आणि धास्ती जास्त वाटते आहे, हे तुझ्या अक्षरावरूनच कळले. सोबतचा आराखडाही वाचला. जूनमध्ये योग, ऑगस्टमध्ये संगणक, ऑक्टोबरमध्ये ताणतणाव व्यवस्थापन, जानेवारीत व्यक्तिमत्त्व विकास. प्रत्येक वेळी सभागृह, पाहुणे, पुष्पगुच्छ आणि अल्पोपाहार. पुष्पगुच्छांचे दरपत्रक तू मागवले आहेस, पण कोणत्या विभागात काय अडते आहे याची विचारणा केलेली कुठे दिसली नाही, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

अध्यापकांचे एक बरे असते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्यांच्यासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, पुढे नावे बदलत गेली आणि २०२३ पासून ती व्यवस्था मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण या नावाने चालते. उद्बोधन आणि उजळणी वर्गांची प्रमाणपत्रे पदोन्नतीशी जोडलेली असल्यामुळे रजा, वेळ आणि उत्साह या तिन्हींची सोय होते. लिपिक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई, पहारेकरी यांच्यासाठी तशी शिडी नाही. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅककडून शिक्षकेतरांच्या प्रशिक्षणाचीही नोंद घेतली जाते खरी, पण पुष्कळदा त्यातून फोटो निघतो, हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि फाइल फुगते, एवढेच.

मी परीक्षा विभागात अधीक्षक असताना आमच्याकडे असेच दोन दिवसांचे संगणक प्रशिक्षण झाले. बाहेरून आलेल्या गृहस्थांनी पहिला दीड तास माउस कसा धरावा हे सांगण्यात घालवला. समोर बसलेल्या बहुतेकांना एमएस-सीआयटी करून कित्येक वर्षे लोटली होती. आमची खरी अडचण वेगळी होती. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेल्या नावांच्या याद्या युनिकोडमध्ये घेतल्या की जोडाक्षरे फुटत, वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटत आणि एकेक नाव हाताने दुरुस्त करावे लागे. त्याविषयी दोन दिवसांत चकार शब्द निघाला नाही. शेवटी आस्थापना विभागातल्या एका मुलीने, जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच टेबलाशी उभे राहून आम्हा चौघांना ते चाळीस मिनिटांत शिकवले. त्या वर्षातली खरी कार्यशाळा तेवढीच, असे मी आजही मानते. आज तुमच्याकडे तसा प्रश्न अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी मिळवलेले श्रेयांक ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या खात्याचा असेल. आधारवरचे नाव एक, प्रवेश अर्जातले दुसरे, गुणपत्रकावर आणखी तिसरे, असे झाले की काम अडकते आणि खटाव-माणमधून पहाटेची एसटी धरून आलेला मुलगा खिडकीशी ताटकळत राहतो. त्या खिडकीमागे जो बसतो त्याला आधी विचार. त्याला काय शिकायचे आहे हे तो दोन वाक्यांत सांगेल, आणि शिकवणारा माणूसही बहुधा शेजारच्याच खोलीत सापडेल.

स्वास्थ्याचेही तसेच आहे. आमच्या विभागात एक वरिष्ठ लिपिक होते. त्यांच्या हातून आसनक्रमांकांतल्या इंग्रजी तीन आणि आठ या आकड्यांची अदलाबदल होऊ लागली. दोनदा मेमो गेला, खुलासा मागवला गेला, निष्काळजी म्हणून चर्चा झाली ती वेगळीच. पुढे केव्हातरी नेत्रतपासणी शिबिर लागले. तंत्रज्ञाने जवळचे वाचण्यासाठी कार्ड हातात दिले तेव्हा त्यांनी ते हात पूर्ण लांब करून धरले, जणू समोरच्यालाच वाचायला देत आहेत. चाळिशी लागून पाच-सहा वर्षे झाली असावीत. चष्मा आला आणि चुका थांबल्या. मेमो मात्र त्यांच्या फाइलीत राहिले, आणि त्यांतल्या एकावर सही माझी होती.

म्हणून योगाच्या सत्राआधी विभागातल्या खुर्च्या बघून ये. ज्याच्या खुर्चीची पाठ मोडली आहे त्याला पाठीचे व्यायाम शिकवणे मला थट्टेसारखे वाटते. ताणतणावावरचे व्याख्यान निकालाच्या आठवड्यात कधीही ठेवू नकोस, कारण त्या दिवशी साचलेले काम संपवण्यासाठी माणूस संध्याकाळी दोन तास जास्त बसतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक बॅनरवर छापण्यापेक्षा हजेरीच्या वहीशेजारी लाव, म्हणजे रोज नजरेस पडेल आणि कोणी टिपून घेतला तर कोणाला कळणार नाही. सभागृहात ‘कोणाकोणाला झोप लागत नाही?’ असे विचारून हात वर करायला लावणारे वक्ते मी पाहिले आहेत. त्यांना पुन्हा बोलावू नये. एका कार्यालयात तर रक्तशर्करेची यादी नावांसह टेबलांवरून फिरली होती. तपासणीचे निष्कर्ष ज्याचे त्याच्या हातात, बंद पाकिटात गेले पाहिजेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची माहिती देणारी कार्यशाळा घेणे हे कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे, तेव्हा ती व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यक्रमात अर्ध्या तासाची पुरवणी म्हणून कोंबू नकोस.

वेळ कामाचीच असू दे. रविवारी बोलावले तर लोक येतील, पण मनात शिव्या देत येतील. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासाठी तेच सत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे लागेल, आणि कंत्राटी कामगारांना वगळण्याचा मोह होईल, तो टाळ. दिवसभर चहाचे ट्रे फिरवणारा शिपाईही कर्मचारीच असतो. त्याला एक खुर्ची दे आणि चहा टेबलावर मांडून ठेव, ज्याचा तो घेईल. ज्या साताऱ्यात कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ योजना रुजली, तिथे शिपायाने कामाच्या वेळात काही शिकण्याला कोणी हरकत घेतली तर तू ठामपणे बोलायला हवेस.

अभिप्रायाचे अर्ज त्याच दिवशी भरून घेऊ नकोस. गरम बटाटेवडा हातात असताना सगळे ‘उत्कृष्ट’वरच खूण करतात. महिन्याने त्यांच्या टेबलाशी जा आणि शिकवलेली गोष्ट अजून वापरात आहे का, ते बघ.

दसऱ्याला घरी येशीलच. तोवर एक साधी शंभरपानी वही घेऊन प्रत्येक विभागात फिर आणि जे ऐकशील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आण. आराखडा आपण त्यानंतर पुन्हा मांडू. पुष्पगुच्छांचे दरपत्रक तेवढे परत पाठवून दे; त्या पैशांतून भांडार विभाग किती खुर्च्या दुरुस्त करून देतो, ते विचार.

तुझी,
जुनी अधीक्षक