कानात सतत आवाज, मधूनच गरगर, डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली आहे. कुणाला खरंच फरक पडला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डाव्या कानात आठ महिने घूं आवाज, अधूनमधून गरगर, डॉक्टर म्हणतात आतल्या कानातलं पाणी वाढलंय, लघवीची गोळी लिहून दिलीय, तर ती घेऊन आवाज थांबतो का.

माझा थांबला नाही. गरगर मात्र थांबली. आणि या दोन वाक्यांच्या मध्ये माझ्या मेहुण्याचं मेडिकल आहे, म्हणून उत्तर लांबणार.

मी सांगलीकडच्या एका गावात गणिताचा मास्तर. एकादशीला देवळात भजनाला पेटी माझ्याकडे असते. चार वर्षांपूर्वी अशाच एका एकादशीला काळी चारमध्ये अभंग छान तापला होता, तेवढ्यात विहिरीत बुडी मारल्यावर होतो तसा डावा कान दडपला. मग त्यात पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला, आणि मग आख्खा सभामंडपच फिरायला लागला. खांब एकामागून एक पळत होते. "मास्तरांनी भाता सोडला नाही," असं लोक अजून कौतुकानं सांगतात. सोडतोय कसला, पेटीला धरून बसलो होतो म्हणून आडवा झालो नाही एवढंच. पुढे दोन तास ओकाऱ्या. दुसऱ्या दिवशी पारावर बातमी: मास्तर एकादशीला पिऊन आला. गळ्यात माळ आहे माझ्या. हे पहिल्यांदा कोण बोललं तेही मला माहीत आहे, पण असो.

त्याहून वाईट पुढच्या आठवड्यात कळलं. पेटीवर एकच पट्टी दाबली तर उजव्या कानाला काळी चार, आणि डाव्याला तिच्या शेजारची कुठली तरी, तीही फुटक्या भोंग्यातून आल्यासारखी. दोन कान दोन सुरांत. भात्याला भोक पडलं असेल म्हणून मी पेटी उघडून बघितली होती, यावरून काय ते समजा.

घरात सगळ्यांनी पित्त ठरवलं. मीही रोज संध्याकाळी पाण्यात फसफसणारी पुडी टाकून पीत होतो. त्या पुडीत मुख्यतः सोडा, म्हणजे सोडियम, हे नंतर कळलं. झटके वाढत गेल्यावर मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, डाव्या कानाची रेघ खर्जाच्या बाजूला बसलेली आणि वरच्या सुरांकडे बरी होती. खालच्या सुरांना खड्डा, वीस मिनिटांपासून काही तास चालणारी गरगर, कमीजास्त होणारा आवाज आणि दडा, हे एकत्र दिसलं की त्या आजाराला मेनिएर म्हणतात. पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ साली सांगितलं की अशी चक्कर कानातून येऊ शकते. तोवर ती मेंदूची समजत. आमच्या गावात अजून बाटलीची समजतात.

कानातलं पाणी म्हणजे अंघोळीत जातं ते नव्हे, हे तुम्हाला सांगितलंच असेल. आतल्या शंखातला तो थेंबभर द्रव, आणि त्याचा स्वभाव रक्ताच्या उलटा: रक्तात सोडियम भरपूर नि पोटॅशियम थोडं, इथे पोटॅशियम भरपूर नि सोडियम थोडं. तो वाढला की पातळ पडदे फुगतात. १९३८ साली लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी मृत रुग्णांच्या कानाच्या हाडात हा फुगवटा पाहिला. अंगातलं मीठ-पाणी थोडं उतरवलं तर तिथलाही ताण उतरेल, हा लघवीच्या गोळीमागचा हिशेब. हिशेब म्हणतोय, सिद्धता नाही. आयुष्य गणित शिकवण्यात गेलंय, फरक कळतो.

मला दिली हायड्रोक्लोरोथायझाइड, २५ मिलिग्रॅम, रोज सकाळी एक, तीन महिने बघू म्हणून. दोन आठवड्यांनी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासायचं. आणि जेवणातलं सोडियम दिवसाला दीड ते दोन हजार मिलिग्रॅमच्या आत. पाच ग्रॅम मिठात साधारण दोन हजार मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंत सगळं त्या एका छोट्या चमच्यात बसवायचं. बायकोनं लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली, पापड आणि सांडगी मिरची बंद, फरसाणाचा डबा शेजारी गेला. पहिले पंधरा दिवस जेवण म्हणजे शिक्षा. नंतर जीभ सरावते, आता लग्नातली भाजी मला खारट लागते.

कालनिर्णयावर दुधाच्या नोंदीखाली मी झटक्याच्या दिवशी ‘ग’ लिहायचो, गोळी सुरू होण्याआधीपासूनच.

तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपल्या. बाहेर धो धो पाऊस, मिरजेला जाणं होईना. मेहुणा म्हणाला, "दाजी, ती आत्ता नाही माझ्याकडे. ही घ्या. पाणी काढायचंच काम ना? ही तर जोरात काढते." फ्युरोसेमाइड, ४०. मी घेतली. गणिताचा मास्तर, पण पाकिटावरचं नाव वाचलं नाही.

जोरात काढते यात खोटं काही नव्हतं. एका तासात दोनदा वर्ग सोडून जावं लागायचं, नववीच्या पोरांनी मागच्या बाकावर माझा स्कोअर ठेवला होता. पाचव्या रात्री पोटऱ्यांत गोळे आले. दहाव्या दिवशी शाळेच्या जिन्यावर गुडघ्यांनीच राम म्हटला. आणि कानातली गिरणी कमी व्हायच्या ऐवजी रात्रपाळीही करायला लागली. पोटॅशियम २.९ निघालं, ते ३.५ च्या खाली जायला नको असतं. ईसीजी काढला, आणि मग पोटॅशियमचं सिरप. पाण्यात कितीही पातळ करा, तोंडात नवसागर विरघळल्यासारखं लागतं.

डॉक्टर कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातल्या ज्या पंपावर बसते, तसाच पंप आतल्या कानात तो द्रव तयार करण्याच्या कामावर असतो. म्हणून ही गोळी स्वतःच कानाला त्रास देणाऱ्यांच्या यादीत आहे. बहुतेक वेळा तो त्रास शिरेतून मोठा डोस दिल्यावर किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यावर होतो, तोंडानं एक गोळी घेऊन बहिरं सहसा कुणी होत नाही, आणि हृदयाच्या पेशंटला तीच गोळी जीवदान असते. पण कानासाठी म्हणून ही घेणं म्हणजे गळती थांबवायला नळ तोडणं.

मेहुण्याचं म्हणणं आजही तेच: "पाणी ते पाणी, दाजी." वर दरवर्षी दिवाळीत बसल्याजागी सांगतो की गरगर थांबली ती त्यानं सुरुवातीला दिलेल्या बेटाहिस्टिन या चक्करेच्या गोळीमुळे, बाकी सगळी डॉक्टरांची फी. तर त्याच्यासाठी: जर्मनीत २२१ पेशंटांवर नऊ महिने बेटाहिस्टिन आणि नुसती पिठाची, औषध नसलेली गोळी यांची तुलना झाली, २०१६ साली निकाल छापून आला. कमी डोस, जास्त डोस, पिठाची गोळी, तिन्हींत झटके सारखेच कमी झाले.

हे मी त्याला मोठ्या थाटात वाचून दाखवलं आणि रात्री झोप लागेना. कारण पिठाच्या गोळीनंही झटके कमी होत असतील, तर माझ्या कालनिर्णयाची काय किंमत? गोळी सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत नऊ ‘ग’, नीट गोळी घेतली त्या तीन महिन्यांत दोन, आणि गेल्या सव्वा वर्षात एकही नाही. पण हा आजार आपणहूनही शांत बसतो. लघवीच्या गोळीच्या बाजूनं भक्कम चाचणी नाही. डॉक्टर देतात ते बऱ्याच जणांना बरं वाटतं, स्वस्त आहे आणि तपासणी ठेवली तर धोका कमी, म्हणून. मीठ, गोळी की काळ, कुणी थांबवली गरगर ते मी सांगू शकत नाही. मेहुणाही सांगू शकत नाही, एवढं मात्र पक्कं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं: गरगर आणि दडा असेल तर तीन महिने घेऊन बघा, सकाळीच घ्या. नुसता आवाज असेल, गरगर नाही आणि ऑडिओग्रामही ठीक, तर त्या आवाजासाठी ही गोळी मी घेणार नाही. आवाजाला मला उपयोग झाला तो रात्री पंखा लावून झोपण्याचा.

राहिलंच: सैंधव हेही मीठच आहे, रंगानं सोडियम जात नाही. आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाची तक्रार असेल किंवा पोटॅशियम राखणारी गोळी चालू असेल तर ते न विचारता घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी, गाउट, शुगर असेल किंवा लिथियम हे मानसिक आजाराचं औषध चालू असेल तर लघवीची गोळी लिहिण्याआधीच डॉक्टरांना सांगा. एकाच कानाची तक्रार आहे म्हणून एमआरआय सांगितला तर टाळू नका, मलाही सांगितला होता, नसेवर गाठ नाही ना हे बघायला. कान एकाएकी बंद पडला तर हे उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथे दिवस मोजले जातात. दोन आठवड्यांनी पोटॅशियमचा रिपोर्ट काढा, आणि पाकिटात चार गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट आणून ठेवा, त्याच नावाचं.