ई-सायकलने रोज ऑफिसला जातो, गुडघे आणि मनगटं दुखतात. सेटिंगमध्ये काय बदलू?

आधी सीट वर घ्या, गुडघेदुखीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचितच वाकतो. सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून लोक सीट खाली ठेवतात, आणि मोटर जोर लावत असल्याने चूक लवकर कळतही नाही. मनगटांसाठी सीटचं टोक पुढे झुकलंय का बघा, त्याने भार हातांवर येतो. सीट सपाट करा, हँडल जरा वर घ्या. टायरच्या कडेवर हवेची मर्यादा छापलेली असते. कमाल आकड्यापर्यंत ठासून भरू नका, नाहीतर रस्त्याचे धक्के थेट मनगटांना बसतात. मात्र सीट वर घेताना तिच्या दांड्यावरची किमान खूण (दांडा निदान तिथपर्यंत फ्रेमच्या आत हवा) बाहेर दिसू लागली तर थांबा, लांब दांडा वेगळा मिळतो.