खाडीच्या पाण्यात बुडालेली पद्मिनी : प्रश्नोत्तरे

प्रश्न : उधाणाचं पाणी शिरून आमची 1978ची प्रीमियर पद्मिनी सीटपर्यंत बुडाली. उन्हात वाळवून चालू करून पाहावी का?

उत्तर : सेल्फ अजिबात मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये ते असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी काढा. इंजिन, गियरबॉक्स, डिफरन्शियल या तिन्हींचं ऑइल सोडा. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल घाला आणि क्रँक पान्याने हाताने फिरवा. नवं ऑइल घालून इंजिन थोडं चालवलं की तेही बदला.

नुसतं वाळवणं उपयोगाचं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडतं, क्षार पत्र्यावर राहतात आणि आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतली ओल ओढून पुन्हा ओलं होतं. म्हणून गाडी वाळण्याआधीच गोड्या पाण्याने धुवा. सीटचा काथ्या आणि कार्पेटखालचा नमदा सरळ फेकून द्या.

प्रश्न : दाराखालच्या पोकळ सिलमधलं मीठ गेलं हे कसं ओळखायचं?

उत्तर : हीच सगळ्यात महत्त्वाची जागा. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, भार बॉडीच पेलते. सिल कुजली की गाडी मधोमध खचते. खालची भोकं तारेने मोकळी करा आणि वरून बारीक नळी घालून पाणी सोडत राहा. बाहेर आलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. मिठातल्या क्लोराइडमुळे पाणी पांढरट गढूळ होतं. नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असतात, म्हणून शेजारी त्याच नळाच्या पाण्याचा नमुना ठेवा. दोन्ही सारखेच गढूळ होईपर्यंत धुवा. मग हवेच्या दाबाने वाळवून पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारा. मीठ असताना मारलेलं डांबरी कोटिंग ओल आतच कोंडतं. त्यापेक्षा पत्रा उघडा ठेवलेला बरा.

प्रश्न : दिवे लागतायत. वायरिंग तसंच ठेवावं का?

उत्तर : नको. खारं पाणी वायरच्या आवरणाखाली शिरतं आणि तांबं हिरवं-काळं पडतं. टोक सोलून पाहा. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापावं लागलं तर अख्खं हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) नवं बसवा. डायनॅमो आणि सेल्फ मोटर उघडून धुवा, वाळवा, बेअरिंग-बुश बदला.

प्रश्न : ब्रेक व्यवस्थित लागतात. तरी उघडायचे का?

उत्तर : हो, चारही ड्रम. व्हील सिलेंडरच्या (चाकातल्या ब्रेक-शूंना ढकलणाऱ्या छोट्या सिलेंडरच्या) आत गंजून खड्डे पडले असतील तर घासून वापरू नका, नवे घाला.