ज्ञानेश्वरांच्या ‘पैल तो गे काऊ’ या विराणीतला, म्हणजे विरहाच्या अभंगातला, कावळा म्हणजे जीवात्मा आणि पैल म्हणजे पैलतीर, असाच अर्थ आहे का?

नाही. कावळा म्हणजे कावळा. पैल म्हणजे पलीकडे. तो विराणीतल्या वाट बघणाऱ्या बाईच्या अंगणातही आलेला नाही, पलीकडे कुठेतरी ओरडतोय, आणि तेवढ्यावर ती आशा लावून बसलीय.

हा प्रश्न मला नववीपासून सलतोय. आमचं गाव सिंधुदुर्गात, बाबा मुंबईला गिरणीत. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. एरवी मनिऑर्डर. आई रोज गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, कावळ्याला भाताचा घास ठेवायची. सकाळी कावळा ओरडला की दोन मुठी तांदूळ जास्त शिजायचे. मुंबईची एसटी अकराला यायची. ती रिकामी गेली की तो जास्तीचा भात आम्ही रात्री कढीशी खायचो, आणि त्यावर कोणी काही बोलायचं नाही.

एकदा रेडिओवर लताबाईंच्या आवाजात ही विराणी लागली. आई कधी शाळेत गेली नव्हती. पेज गाळता गाळता तिने ऐकलं आणि म्हणाली, "हिचो घोव मुंबैक असतलो."

मी परीक्षेत तेच लिहिलं. सरांनी तांबड्या शाईने आडवी रेघ मारली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "अभंगात नवरा कुठून आला? जीवाला शिवाची ओढ, एवढंच लिहायचं."

सर, ओळी तरी बघायच्या होत्या. आधी ती कावळ्याचे पाय सोन्याने मढवते. मग दहीभाताची उंडी देते, मग दुधाची वाटी. सोनं बोलण्यापुरतं, दहीभात आणि दूध मात्र तिच्या चुलीपाशी खरोखरच आहे. आणि त्यानंतर येतं ‘सत्य सांगे गोठी’. खरं सांग. कावळ्याने जिला आधी फसवलंय तीच असं म्हणणार.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. शिमगा यायच्या आधीच बाबा ट्रंक घेऊन दारात उभे. त्या सकाळी कावळा ओरडला नव्हता, भात मोजकाच होता. आईने आपलं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी गडग्यावर घास ठेवलाच.

जीव-शिवाचा अर्थ खोटा आहे असं मी म्हणत नाही. कीर्तनात तो सांगतात, आणि पाहुणा पंढरीरावच आहे, शेवटी भेटतात तेही पंढरीराणेच. पण ज्ञानेश्वरांनी ती ओढ सांगायला वाट बघणारी बाईच घेतली. तिला बाजूला सारून नुसता आत्मा शिकवू नका. तुम्ही मुलांना शिकवत असाल तर आधी त्यांना विचारा, तुमच्या घरी कोण कोणाची वाट बघतं.

आणि ‘आजिचे रे काळीं’ नीट ऐका. कधीतरी नाही, आजच. एसटी अकराला यायची.