आठ वर्षांनी पुन्हा ऑटोकॅडवर बसायचंय. काय नवीन शिकू, आणि रेविट शिकावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही निपाणीच्या. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलंत, एका इंजिनिअरकडे ऑटोकॅड 2012 वर चार वर्षं घरांचे प्लॅन काढलेत, मग लग्न, मुलं, आणि आठ वर्षं कामाला हात लागला नाही. आता चिक्कोडीत काम मिळतंय. ऑफिसात नवीन आवृत्ती आहे आणि पहिल्याच दिवशी काही जमलं नाही तर काय, ही भीती आहे.

मी बेळगावात शहापूरला राहते. अठरा वर्षं हेच काम करतेय, सुरुवात तुमच्यासारखीच दुसऱ्याच्या ऑफिसात केली. मधे बाळंतपणात माझीही दोन वर्षं गेली होती, त्यामुळे ही भीती मला ओळखीची आहे. कमांड तुमच्या बोटांत आहेत. लाइन, ऑफसेट, फिलेट, मॅचप्रॉप, सगळं होतं तसंच आहे आणि दोन दिवसांत हात बसेल. नव्याने शिकायचं आहे ते तुमची फाइल दुसऱ्याच्या हातात धड कशी पोचेल हे. आठ वर्षांत आपल्या कामात बदललं असेल तर हेच. पूर्वी प्रिंट काढून गवंड्याच्या हातात दिली की संपायचं. आता तीच फाइल कोल्हापूरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाते, प्लॉटरच्या दुकानात जाते, मंजुरीला ऑनलाइन चढते, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरही उघडते.

पहिल्याच तासात ट्रिम कमांड तुम्हाला गोंधळात टाकेल, म्हणून ते आधी सांगते. पूर्वी आधी कापणारी रेघ निवडायची, एंटर मारायचा, मग कापायचं. 2021 च्या आवृत्तीपासून ती पायरी गेली. कमांड दिली की थेट नको त्या तुकड्यावर क्लिक करायचं. जुन्या सवयीने कराल तर भलतीच रेघ उडेल. जुनी पद्धतच हवी असेल तर ट्रिमएक्स्टेंडमोड हे व्हेरिएबल शून्य करा. मी मात्र तुम्हाला नवीन पद्धतीची सवय करायला सांगेन, महिनाभरात वेग दुप्पट वाटायला लागतो.

आता फाइलच्या आवृत्तीचं. डीडब्ल्यूजीचा, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलचा, साचा दरवर्षी बदलत नाही. तुमचं 2012 चं ऑटोकॅड 2010 च्या साच्यात सेव्ह करायचं. पुढे 2013 ला साचा बदलला, नंतर 2018 ला, आणि 2018 पासून 2025 पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या तोच साचा वापरतात. म्हणजे नवीन ऑफिसातून तुम्ही पाठवलेली फाइल एखाद्याच्या जुन्या मशीनवर उघडलीच नाही तर दोष कुणाचाच नाही, फक्त सेव्ह करताना 2010 किंवा 2013 निवडायचं राहिलं. ऑप्शन्समध्ये ओपन अँड सेव्ह या टॅबवर हे एकदाच लावून ठेवता येतं. आलेली फाइल कुठल्या साच्यातली आहे हे बघायचं असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली सहा अक्षरं वाचा. एसी1024 असेल तर 2010, एसी1027 असेल तर 2013, एसी1032 असेल तर 2018. बाकी सगळा कचरा दिसेल, तो तसाच ठेवा आणि सेव्ह न करता बंद करा. ज्याच्याकडे ऑटोकॅडच नाही त्याला डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू उतरवून घ्यायला सांगा. ते फुकट आहे, फाइल दाखवतं आणि जुन्या साच्यात बदलूनही देतं.

मापांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सर्व्हेवाला मीटरमध्ये देतो, मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये मागतात, उताऱ्यावर गुंठे असतात आणि गवंडी म्हणतो, “मॅडम, ते मीटरचं नको की ओ, फूट-इंचात सांगा.” चौघंही बरोबर असतात. तुम्ही एकाच मापात काढा, आणि फाइल सुरू करतानाच युनिट्समध्ये इन्सर्शन स्केल लावा. ते लावलेलं असलं की मीटरमधला ब्लॉक इंचाच्या फाइलमध्ये आणताना आपोआप 39.37 पट होतो. लावलेलं नसलं तर तो कोपऱ्यात ठिपक्याएवढा पडून राहतो आणि आपण शोधत बसतो. दोन्ही मापं कागदावर हवी असतील तर डायमेन्शन स्टाइलमध्ये अल्टरनेट युनिट्स चालू करा. मुख्य आकडा मीटरमध्ये, शेजारी कंसात फूट-इंच, दोन्ही एकाच रेघेवरून मोजलेले.

माप बरोबर आलंय का हे तपासायची माझी रीत गुंठ्याची आहे. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. उताऱ्यावर तीन गुंठे असतील तर 3267 चौरस फूट, म्हणजे साधारण 303.5 चौरस मीटर. साईटच्या हद्दीची बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली एकच रेघ) करून एरिया कमांड द्या. आकडा जवळपास यायला हवा. प्रत्यक्ष मोजणीत आणि उताऱ्यात थोडा फरक असतोच, पण दहा पट किंवा शंभर पट फरक दिसला तर युनिट चुकलंय, पुढे एकही रेघ मारू नका.

हल्ली सर्व्हे जीपीएसवरचा येतो आणि त्यात यूटीएम (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) झोन 43 चे आकडे असतात. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी सगळे त्याच झोनमध्ये येतात. निपाणीच्या साईटचा उत्तरेकडचा आकडा 18 लाख मीटरच्या आसपास असतो. शून्य बिंदूपासून इतक्या लांब काढलेल्या ड्रॉइंगमध्ये हॅच (रेघांचा भराव) बिघडतात, स्नॅप सरकतो, स्केचअप या 3डी चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा थरथरतात, आणि अख्ख्या इमारतीचं मॉडेल करणारं रेविट तर मूळ बिंदूपासून 16 किलोमीटरच्या आतच काम करायला सांगतं. म्हणून सर्व्हेची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, तिची प्रत घेऊन साईटचा एक कोपरा शून्य-शून्यवर आणा, आणि किती सरकवलं ते आकडे त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा.

एक चूक सांगते, ती माझी स्वतःची आहे. अनगोळच्या एका 30 बाय 40 च्या साईटचं घर होतं. गिऱ्हाइकाला बेडरूम दहा फुटांची हवी होती, प्लॅनमध्ये 9 फूट 9 इंच बसत होती. संध्याकाळी प्रिंट द्यायची म्हणून मी भिंत हलवली नाही, डायमेन्शनवर डबल क्लिक करून 10 फूट टाइप केलं. गवंड्याने कागदावरचा आकडा वाचला. स्ट्रक्चरल इंजिनिअरने कॉलम फाइलमधून उचलले. जोत्याच्या वर भिंत आली तेव्हा मेस्त्रीचा फोन आला, “प्लॅन बरोबर हाय, खरं भिंत कॉलमला बसंना.” तीन इंच. भिंत पाडावी लागली, खर्च मी दिला, आणि त्या घरच्या आजींनी मला काहीच बोल लावला नाही हे मला अजून जास्त लागतं. तेव्हापासून डायमेन्शनचा आकडा हाताने बदलायचा नाही, हा आमच्या ऑफिसचा नियम आहे. दुसऱ्याची फाइल हातात आली तर पूर्ण ऑटोकॅडमधल्या एक्स्प्रेस टूल्समध्ये डिमरीअसॉक ही कमांड आहे. ती हाताने टाइप केलेले आकडे काढून खरं मोजमाप परत दाखवते. नवीन नोकरीत जुन्या फाइलवर काम करायच्या आधी तिच्या प्रतीवर हे करून बघा. किती आकडे बदलतात ते पाहून ती फाइल किती विश्वासाची आहे ते कळेल.

अक्षरांचं आता. आपल्याकडे एकाच नकाशावर तीन भाषा येऊ शकतात. खानापूरकडच्या एका काकांनी मला लिव्हिंगच्या जागी “सोपा” (जुन्या घरातली पुढची बसायची जागा) असं लिहायला लावलं होतं, आणि मला ते फार आवडलं, कारण ते त्या खोलीत बसणार होते सोप्यात बसल्यासारखेच. कानडी बोलणाऱ्या मिस्त्रीसाठी स्वयंपाकघरावर अडुगे मने आणि देवघरावर देवर मने लिहिलं तर चौकशीचे दहा फोन वाचतात. पण ऑटोकॅडचे जुने एसएचएक्स फॉण्ट ना देवनागरी दाखवतात ना कन्नड, नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. तुम्ही काम करत होतात तेव्हा बहुतेक श्रीलिपीत किंवा कन्नडसाठी नुडीत टाइप करून चिकटवायचात. त्या जुन्या अक्षरांचा त्रास असा की समोरच्या मशीनवर तोच फॉण्ट नसेल तर देवघराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. आता सगळं युनिकोडमध्ये टाइप करा आणि टेक्स्ट स्टाइलला निर्मला यूआय हा फॉण्ट द्या. विंडोज 8 पासून तो विंडोजबरोबरच येतो आणि देवनागरी, कन्नड दोन्ही लिपी त्यात आहेत, म्हणजे एका स्टाइलमध्ये काम होतं. प्लॉटरच्या दुकानात तरीही डीडब्ल्यूजी देऊ नका, पीडीएफ द्या. पीडीएफवर अक्षरांभोवती टिपणांच्या चौकटी दिसायला लागल्या तर पीडीएफएसएचएक्स हे व्हेरिएबल शून्य करा.

इंजिनिअरला मात्र डीडब्ल्यूजीच लागते. ती पाठवताना ईट्रान्समिट वापरा, म्हणजे जोडलेल्या एक्सरेफ फाइल आणि एसएचएक्स फॉण्ट एकाच झिपमध्ये जातात. त्याआधी ऑडिट, पर्ज आणि ओव्हरकिल या कमांड द्या. ऑडिट फाइलमधल्या चुका दुरुस्त करतं, पर्ज न वापरलेले ब्लॉक आणि लेयर काढतं. ओव्हरकिल एकावर एक पडलेल्या रेघा काढतं. मंजुरीच्या ऑनलाइन प्रणालीत क्षेत्रफळ सॉफ्टवेअरच मोजतं, ठरलेल्या नावाच्या लेयरवरच्या बंद पॉलिलाइनवरून, तिथे हे फार उपयोगी पडतं. पॉलिलाइन दिसायला बंद असते आणि प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्डसमोर नो असतं, हे दर दुसऱ्या फाइलमध्ये सापडतं.

पेनड्राइव्हबद्दल सावध राहा. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये अकॅड किंवा अकॅडडॉक नावाची, एलएसपी किंवा एफएएस शेपटीची फाइल कुणी न ठेवता दिसली तर ती व्हायरस असू शकते. ड्रॉइंग उघडताच ती चालते आणि पुढच्या प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःची प्रत टाकते. अनोळखी ठिकाणची अशी फाइल चालण्याआधी विचारणारं सिक्युअरलोड हे व्हेरिएबल एकवर ठेवा, शून्यावर कधीच नको. पावसाळ्यात वीज जाते म्हणून सेव्हटाइम, म्हणजे आपोआप सेव्ह व्हायचा वेळ, दहा मिनिटांवरून पाचवर आणा.

लायसन्सचंही माहीत असू द्या. 2016 पासून ऑटोकॅडचा कायमचा परवाना नव्याने विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीचे पैसे भरावे लागतात. त्यामुळे बरीच लहान ऑफिसं एलटीवर, म्हणजे ऑटोकॅडच्या कमी सोयींच्या स्वस्त प्रकारावर आहेत. एलटीत पूर्वी लिस्प (आपल्या स्वतःच्या कमांड लिहायची भाषा) चालत नसे, 2024 च्या आवृत्तीपासून ऑटोलिस्प चालतं. तुमच्याकडे जुन्या लिस्प फाइल जपून ठेवल्या असतील तर शोधून काढा. काही ऑफिसांत झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅड असेल, घाबरू नका, ती डीडब्ल्यूजीवरच चालतात आणि बहुतेक कमांड त्याच आहेत.

रेविटच्या आधी स्केचअप शिका, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे घर बांधणारा माणूस प्लॅन वाचत नाही, पण उतरतं छप्पर आणि समोरची पडवी चित्रात दाखवली की लगेच बोलतो. पूर्वीचे लेयर आता तिथे टॅग म्हणून आहेत. रेघा नेहमी अनटॅग्ड ठेवा आणि टॅग फक्त ग्रुपला द्या. मंगलोरी कौल एक-एक काढत बसू नका, त्याचं टेक्सचर लावा, नाहीतर मॉडेल हलणार नाही. आणि सावली दाखवण्याआधी जागा लावा. लावली नाही तर स्केचअप अमेरिकेतल्या बोल्डर गावचा सूर्य दाखवतं. आपण साधारण 16 अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. बोल्डर 40 अंशांवर आहे, तिथे दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. म्हणजे मे महिन्यात आपल्या उत्तरेच्या खिडकीवर छज्जा लागतो आणि चुकीच्या जागेच्या मॉडेलमध्ये तो लागत नाही असं दिसतं.

रेविटचं उत्तर ऑफिसातल्या कामावर आहे. नुसती 30 बाय 40 ची घरं असतील तर पहिलं वर्षभर त्यात पडू नका. दवाखाना, कॉलेज, चार मजली इमारत असं काम येत असेल आणि स्ट्रक्चर, प्लंबिंग, वायरिंग वेगवेगळी माणसं करत असतील तर शिकाच. तिथे भिंत एकदा हलवली की प्लॅन, सेक्शन, दाराचं शेड्यूल सगळं बदलतं, माझे ते तीन इंच तिथे झालेच नसते. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवशी विचारा: सगळे कुठल्या वर्षाचं रेविट वापरतायत? ऑटोकॅडसारखं जुन्या आवृत्तीत सेव्ह करणं रेविटमध्ये नाही. 2025 मध्ये एकदा उघडून सेव्ह केलेली फाइल 2023 वाल्याला परत उघडत नाही, म्हणून नवीन आवृत्तीत उघडण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा.

चिक्कोडीला जायच्या आधी घरी तुमची एखादी जुनी फाइल सापडली तर ती ओळखीच्या कुणाच्या तरी नवीन मशीनवर उघडून बघा. फॉण्ट, युनिट, एक्सरेफ, डायमेन्शन, यातलं काय-काय बिघडतं ते एका वहीत लिहा. सोमवारी ऑफिसात बसाल तेव्हा ती वही माउसशेजारी असू द्या.