वाचकांचे प्रश्न : सर्व्हर, डिस्क आणि मधले कार्ड

प्रश्न : आमचे वागळे इस्टेटमध्ये छपाईपूर्व कामाचे छोटे युनिट आहे. पुस्तकांची पाने आणि प्लेटच्या फाइली आम्ही चार साटा डिस्क असलेल्या सर्व्हरवर, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, झेडएफएस या फाइल-व्यवस्थेत ठेवतो. सर्व्हर बांधून देणाऱ्याने त्यात रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणारे कार्ड) बसवून प्रत्येक डिस्कचा वेगळा 'रेड शून्य' (एकाच डिस्कचा गट) करून दिला होता. गेल्या महिन्यात ते कार्ड बंद पडले. दुसऱ्या बनावटीचे कार्ड लावले, तर ते डिस्क कोऱ्या असल्याचे दाखवते आणि इनिशिअलाइझ (म्हणजे कोऱ्या करून नवी मांडणी) करू का, असे विचारते. आता काय करावे, आणि यापुढे कोणते कार्ड घ्यावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इनिशिअलाइझला होकार देऊ नका, हे सर्वांत आधी सांगतो. तुमच्या डिस्क बहुधा कोऱ्या झालेल्या नाहीत. नव्या कार्डाला जुन्या कार्डाची नोंद वाचता येत नाही, एवढेच. रेड कार्ड प्रत्येक डिस्कवर स्वतःच्या हिशेबासाठी थोडी जागा राखते, बहुतेक वेळा ती डिस्कच्या शेवटी असते, आणि उरलेला भाग 'हीच डिस्क' म्हणून पुढे करते. त्याच घराण्यातील कार्ड मिळाले, तर ते जुनी मांडणी 'फॉरिन' म्हणून ओळखते आणि आयात करू देते. तसे कार्ड मिळत नसेल, तर तुमच्या डिस्क साटाच्या असल्यामुळे त्या मदरबोर्डच्या साध्या पोर्टांना थेट जोडता येतील.

त्याआधी, शक्य असेल तर, प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. डिस्क जोडल्यावर सुरुवातीच्या संदेशांत 'दुसरे जीपीटी हेडर शेवटच्या सेक्टरवर नाही' (म्हणजे डिस्कच्या विभागांच्या यादीची दुसरी प्रत जागेवर नाही) अशी ओळ बहुधा दिसेल. ती पाहून घाबरू नका आणि घाईने 'जीपार्ट रिकव्हर' ही दुरुस्तीची आज्ञाही चालवू नका. कार्डाने शेवटची जागा दडवून ठेवली होती, म्हणून त्या वेळचा 'शेवट' आज डिस्कच्या खऱ्या शेवटाच्या थोडा अलीकडे पडतो. दुरुस्तीची आज्ञा दिलीत, तर नवे हेडर नेमके कार्डाच्या नोंदीवर लिहिले जाईल आणि त्याच घराण्यातील कार्ड आणून परत फिरण्याची वाट बंद होईल. झेडएफएसचा पूल (सर्व डिस्क मिळून झालेला साठा) आधी केवळ वाचनासाठी आयात करा, फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, त्या उघडून पाहा, आणि मगच पुढचा विचार करा.

यापुढे रेड कार्ड घेऊच नका, असे माझे स्पष्ट मत आहे. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवते, वाचताना ती पडताळून पाहते आणि ब्लॉक बिघडलेला आढळला, तर आरशातील दुसऱ्या प्रतीवरून किंवा पॅरिटीवरून (दुरुस्तीसाठी जादा ठेवलेल्या माहितीवरून) तो दुरुस्त करते. हे काम नीट व्हायचे, तर तिला डिस्क उघड्या दिसल्या पाहिजेत. मध्ये बसलेले रेड कार्ड मजकूर स्वतःच्या मेमरीत घेऊन 'लिहिले' असे कळवते. त्याची बॅटरी संपलेली असताना वीज गेली, तर तो मजकूर डिस्कवर कधीच पोहोचत नाही. शिवाय डिस्कच्या प्रकृतीच्या स्मार्ट नोंदीही कार्डाआड राहतात. एकेका डिस्कचा 'रेड शून्य' केल्याने यातले काहीच टळत नाही. एका कार्डाच्या जिवावर चारही डिस्क मात्र टांगल्या जातात, आणि तुमच्याकडे नेमके तेच झाले.

चार डिस्कना मदरबोर्डचे पोर्ट पुरत असतील, तर कार्डाची गरजच नाही. पुढे डिस्क वाढवायच्या असतील, तर साधे एचबीए कार्ड (डिस्क केवळ जोडून देणारे) घ्या. निवड करताना खोक्यावरचे नाव पाहू नका, आतली चिप पाहा. एलएसआय कंपनीची एसएएस २००८ ही चिप एलएसआयच्या स्वतःच्या ९२११-८आय कार्डात आहे, आयबीएमच्या एम१०१५ मध्ये आहे आणि डेलच्या एच२०० मध्येही आहे. डिस्क सरळ पुढे करणारे आयटी फर्मवेअर (कार्डाच्या आतली आज्ञावली) घातले, की फ्रीबीएसडीत तिन्ही एमपीएस या ड्रायव्हरवर चालतात, कारण ड्रायव्हर चिपशी बोलतो, स्टिकरशी नव्हे. नंतरच्या एसएएस ३००८ चिपसाठी एमपीआर ड्रायव्हर आहे. दुकानात कार्ड लावून पाहण्याची सोय असेल, तर 'पीसीआयकॉन्फ' या आज्ञेच्या यादीत विक्रेता १००० आणि उपकरण ००७२ असे क्रमांक दिसतात का, ते पाहा. ते एसएएस २००८ चे आहेत. ड्रायव्हरच्या मॅन्युअल पानावर आणि तुमच्या आवृत्तीच्या हार्डवेअर नोट्समध्ये आधार असलेल्या चिपांची नावे असतात. पैसे देण्याआधी ती दोन पाने वाचण्यासाठी दहा मिनिटे काढा.

चिप जुळली, तरी फर्मवेअर पाहावेच लागते. हीच चिप आयआर फर्मवेअरवर रेड करते आणि आयटी फर्मवेअरवर डिस्क सरळ पुढे करते. आपल्याला आयटी हवे. त्याच्या विसाव्या मालिकेतील सुरुवातीच्या आवृत्त्या सदोष होत्या, म्हणून २०.००.०७.०० ही आवृत्ती घालावी. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या हवेसाठी सांगतो. या कार्डांवर पंखा नसतो. सर्व्हरच्या पेटीत खेळणाऱ्या जोरदार वाऱ्यावर ती थंड राहतात. साध्या कॅबिनेटमध्ये, मे महिन्यात एसी बंद करून शटर ओढून गेल्यावर ती तापतात आणि मग अधूनमधून सर्वच डिस्क एकदम गायब झाल्यासारख्या दिसतात. हीटसिंकवर छोटा पंखा बसवून घ्या.

प्रश्न : वाशीतील आमच्या कार्यालयात दोन डिस्कचा आरसा (दोन्हींवर सारखीच प्रत) आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून त्यातली एकच डिस्क वारंवार पूलमधून बाहेर पडते. स्मार्टमध्ये (डिस्कच्या प्रकृतीच्या नोंदींत) १९९ क्रमांकाचा आकडा वाढताना दिसतो. डिस्क बदला, असा सल्ला मिळाला आहे.
– एक वाचक, वाशी

उत्तर : अजून बदलू नका. १९९ हा आकडा डिस्कच्या तबकडीविषयी काही सांगत नाही. डिस्क आणि कंट्रोलर यांच्या दरम्यान वाटेत मजकूर किती वेळा बिघडला, याची ती मोजणी आहे. तबकडी खराब होत असेल, तर ५, १९७ आणि १९८ हे आकडे हलतात. सिस्टीमच्या लॉगमध्येही फरक कळतो. तबकडीवरचा सेक्टर वाचता आला नाही, तर 'यूएनसी' असे येते. वाटेतल्या बिघाडाला 'पॅरिटी/सीआरसी एरर' असे येते. तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल, तर दोष केबलचा, कनेक्टरचा किंवा पोर्टचा असण्याची शक्यता अधिक आहे. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत कनेक्टरच्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो आणि संपर्क अर्धवट राहतो.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका सर्व्हरमधून दोन चांगल्या डिस्क काढून टाकल्या होत्या. तिसरी डिस्कही त्याच जागी रुसू लागली, तेव्हा मी केबल उजेडात धरून पाहिली. कुलपाची छोटी पत्र्याची पट्टी तुटलेली होती आणि पंख्याच्या कंपनाने केबल केसभर बाहेर सरकत होती. त्या दोन डिस्कचे पैसे एका लहान संस्थेने दिले होते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते; म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो आहे.

यंत्र बंद करून, पोर्ट तेच ठेवून, दोन्ही डिस्कच्या केबलींची अदलाबदल करा आणि दोन्हींचे १९९ चे आकडे वहीत लिहून ठेवा. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का, हेच पाहायचे. नंतर पूलचा स्क्रब चालवा. त्यात वापरातला प्रत्येक ब्लॉक वाचला जातो. आता दुसऱ्या डिस्कचा आकडा वाढू लागला, तर दोष केबलसोबत गेला, आणि काम कुलूपपट्टी असलेल्या नव्या केबलवर भागेल. पहिल्याच डिस्कचा वाढत राहिला, तर पोर्ट बदलून पाहा, आणि तरीही थांबला नाही तरच डिस्क बदला.

प्रश्न : बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी कोरी डिस्क घातली. पूल पुन्हा भरायला चार दिवस लागले आणि मध्येच नवी डिस्कही सदोष ठरवली गेली. कोरी डिस्क अशी कशी?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ती एसएमआर प्रकारची आहे का, ते मॉडेल क्रमांकावरून तपासा. या प्रकारात डिस्कवरील पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे, तर पुढची ओळ उचलावी लागते. रोजच्या फाइली ठेवताना हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी मोकळ्या राखीव भागात लिहून घेते आणि सवडीने मांडते. पूल भरताना मात्र सवडच मिळत नाही, राखीव भाग भरतो, डिस्क फार वेळ उत्तर देत नाही आणि झेडएफएस तिला बाद ठरवते. २०२० मध्ये मोठ्या उत्पादकांच्या काही डिस्क ठळक उल्लेख न करता याच प्रकारच्या विकल्या गेल्याचे उघड झाले. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरील साठ्यासाठीच्या) 'रेड' (लाल) नावाच्या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटची काही मॉडेले त्यांत होती. त्यानंतर उत्पादकांनी कोणते मॉडेल कोणत्या प्रकारचे, याच्या याद्या जाहीर केल्या. डिस्क परत घेत असतील तर द्या, आणि बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक व 'सीएमआर' (पट्टे एकावर एक न चढवलेला प्रकार) हा शब्द लिहून घेऊन दुसरी आणा.