नळीवर आधी वेळ लिही

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता काल रात्री दोनदा पाहिला. कमी आहाराच्या गटात एका उंदराची रक्तशर्करा खाली, तर शेजारच्याची भरपेट खाणाऱ्यांच्याही वर. अमिनो आम्लांचं तेच. तुला वाटतंय, आपलाच हात चुकला. मी एकच विचारतो: रक्त किती वाजता घेतलंस? तक्त्यात तो रकानाच नाही.

अगं, भरपेट गटासमोर खाद्य चोवीस तास असतं. तुझा कमी आहाराचा उंदीर ट्रॉलीची चाकं वाजली की जाळीला लोंबकळतो, मिळालेलं दोन-तीन तासांत फस्त करतो आणि उरलेला दिवस उपाशी काढतो. खाल्ल्यावर तासाभराने त्याच्या रक्तात ग्लुकोज आणि इन्शुलिन चढलेलं असतं. वीस तासांनी तिथेच चरबी जळून आलेली कीटोन्स दिसतात. या दोन्हींची सरासरी काढलीस, तर तसं रक्त कुठल्याच उंदराच्या अंगात कधी वाहिलेलं नसतं. वेळ लिही.

१९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात आहारशास्त्रज्ञ मॅके यांनी कमी आहारावरचे उंदीर जास्त जगलेले दाखवले, आणि तेव्हापासून आम्ही कॅलरीच मोजत बसलो. २०२२ मध्ये शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास करणाऱ्या ताकाहाशींच्या प्रयोगशाळेने ३० टक्के कमी खाद्य दिवसरात्र विभागून दिलं, तेव्हा आयुष्य १० टक्क्यांनी वाढलं. तेवढंच खाद्य फक्त रात्री, म्हणजे उंदराच्या जागेपणी दिलं, तेव्हा ३५ टक्क्यांनी! कॅलरी तेवढ्याच होत्या. आता सांग, वेळ ही किरकोळ नोंद आहे का?

माझे दोन वर्षांचे नमुने असेच गेले. पहिल्या पिंजऱ्याचं रक्त नऊला, शेवटच्याचं एकला, आणि खाद्य पडायचं मधेच, दहाला. मी सरासरी काढून छापून मोकळा झालो. तेव्हा आमच्याकडे कोणीच वेळ लिहीत नव्हतं. माणसं दोन, पिंजरे साठ. हे सगळं खरं आहे, तरी तो आलेख आजही माझ्याने बघवत नाही.

तुझ्या सरांना घाई आहे, कळतं मला. तरी उद्यापासून नळी हातात घेतलीस की आधी त्यावर रक्त घेतल्याची वेळ, आणि वहीत खाद्य टाकल्याची. खोलीतले दिवे कधी मालवतात, तेही. जुनी वही मला पाठव, वेळ सापडेल तेवढे नमुने वाचवू. बाकीच्यांची आठवून भरू नकोस. तो रकाना रिकामाच पाठव.